थकवा की आजार?

माझी धाकटी जाऊ पहाटे साडेपाचला उठायची. सडा-रांगोळी, मुलांचे डबे, दुपारी शिवणाचं मशीन. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र तिचं काहीतरी बिनसलं. रांगोळी बंद झाली, मशीनवर धूळ साचली, भाजीत मीठ राहू लागलं. "काय गं, बरं नाही का?" म्हटलं की एकच उत्तर, "काही नाही ताई, जरा थकल्यासारखं वाटतंय."

शाळेतून दमून घरी यावं आणि भांडी तशीच पडलेली! एकदा मी बोलून गेले, "आम्ही नाही का दमत? मनावर घेतलं तर सगळं होतं!" ती उलट बोलली नाही, रडलीही नाही. नुसती बघत राहिली. पुढे महिन्याभराने एका रात्री ती म्हणाली, "मी नसले तर तुमची सगळ्यांची सुटका होईल." तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. तो आळस नव्हता, नैराश्याचा आजार होता.

मैत्रिणींनो, उदास कोण होत नाही? मूल नापास झालं, माहेरून वाईट बातमी आली, तर मन खट्टू होणारच. पण चार दिवसांनी भिशीत गेलं की पुन्हा हसू येतं. नैराश्यात तसं होत नाही. पुढच्यापैकी बऱ्याच गोष्टी जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक दिसल्या, तर सावध व्हावं:

• दिवसभर मन उदास, रिकामं. किंवा सारखी चिडचिड.
• आवडीच्या कामातही गोडी न वाटणं.
• पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, किंवा दिवसभर झोपून राहावंसं वाटणं.
• भूक मरणं, किंवा उगाच खात राहणं.
• काही न करताही गळून जाणं.
• लक्ष न लागणं. आज भाजी कुठली करायची हेही न ठरणं.
• आपण कुचकामी आहोत, सगळा दोष आपलाच, असं वाटणं.
• मरणाचे विचार येणं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचंच. पण तेही दोन आठवड्यांपुढे गेलं, तर "बाळंतिणीचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नये.

मग करायचं काय? आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावं. थायरॉइडचा दोष किंवा अंगात रक्त कमी असणं यांनीही असाच थकवा येतो, तो तपासणीत कळतो. मग त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न दाराबाहेर ठेवावा. औषधांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

घरच्यांनी उपदेश कमी करावा, ऐकावं जास्त. मरणाची भाषा कानावर आली तर सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलकं होतं. अशा वेळी तिला एकटं सोडू नये, औषधं-कीटकनाशकं हाताशी ठेवू नयेत आणि लगेच डॉक्टर गाठावा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं.

धाकटीचे उपचार अजून चालू आहेत. परवा ती म्हणाली, "ताई, तुम्ही रागावलात ना, तेव्हा मला उठायचंच होतं हो. पण उठताच येत नव्हतं." मी काय बोलणार? तिचा हात हातात घेऊन बसले. आज सकाळी दारात चार ठिपक्यांची रांगोळी होती.

तुमच्या घरात, शेजारी, कुणाची रांगोळी अशी बंद तर झालेली नाही ना? जरा डोकावून या.