प्राण फुंकणारं क्रियापद

लॅटिनमध्ये ‘आनिमा’ म्हणजे श्वास, आणि श्वास म्हणजेच जीव. त्यावरून ‘आनिमारे’ हे क्रियापद झालं: श्वास घालणे, जीव आणणे. इंग्रजीतलं ‘ॲनिमेट’ तिथूनच आलं. आज हा शब्द उच्चारला की आमच्या पुसदच्या शाळकरी पोरांनाही फक्त कार्टून आठवतात. पण सोळाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेव्हा ते धीर देण्याच्या, हुरूप आणण्याच्या अर्थानं वापरात होतं. खचलेल्या माणसाशी कुणी दोन शब्द बोललं आणि त्याच्या जिवात जीव आला, तर बोलणाऱ्यानं त्याला ‘ॲनिमेट’ केलं. चित्रं हलवण्याचा अर्थ विसाव्या शतकातला, सिनेमा आल्यानंतरचा.

भाषा शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि या एका शब्दानं मला जितका आनंद दिला तितका दुसऱ्या कुठल्याच शब्दानं दिला नाही. कारण तो परका नाही. संस्कृत धातुपाठात ‘अन्’ हा धातू आहे. अर्थ श्वास घेणे, जगणे. त्याला ‘प्र’ लागला की प्राण. अपान, व्यान, उदान, समान ही सगळी त्याचीच भावंडं. वारा या अर्थाचा ‘अनिल’ही याच घरातला, आणि ग्रीकमध्ये वाऱ्याला म्हणतात ‘आनेमोस’. हवामान खात्याचं वारा मोजायचं यंत्र, ‘ॲनेमोमीटर’, त्यावरूनच नाव घेऊन बसलं आहे. सगळ्यांत देखणी जोडी मात्र प्राणी आणि ‘ॲनिमल’. प्राणावरून प्राणी, आनिमावरून ॲनिमल. ज्याच्यात श्वास आहे तो. हजारो कोसांवरच्या दोन समाजांनी जनावराकडे पाहिलं आणि दोघांनाही आधी त्याचा भाता दिसला.

प्राण म्हणजे श्वास, हे पोथीत शोधायची गरज नाही. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘क’ म्हणा, मग ‘ख’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला हवेचा झोत लागतो. म्हणून ख, घ, थ, ध ही महाप्राण व्यंजनं. वर्गात हे करून दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तळहातावर फुंकर मारत बसतात, आणि व्याकरणाचा तास पहिल्यांदाच त्यांचा होतो.

संस्कृत आणि लॅटिन यांच्या नात्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. पुढच्या शतकात युरोपातल्या पंडितांनी ध्वनिबदलांचे नियम बसवले. इंग्रजीतलं ‘क्विक’ आणि आपला ‘जीव’ हेही एकाच मुळाचे ठरले. ‘क्विक’चा जुना अर्थ जिवंत, पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात ते म्हणूनच, जिवंत चांदी. आपणही जिवंत झरा म्हणतो, जिवंत तार म्हणतो, जिवंत काडतूस म्हणतो. पारा मात्र आपल्याकडे नुसताच चढतो.

महाराष्ट्रात ‘ॲनिमेट’ हे क्रियापद पडद्यावर पहिल्यांदा खरं केलं ते दादासाहेब फाळके यांनी. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत एक बी पेरलं आणि ते रुजून वर येईपर्यंत रोज थोडं थोडं टिपलं. तो छोटा चित्रपट म्हणजे ‘अंकुराची वाढ’. भांडवल देणाऱ्यांना त्यांनी तो दाखवला, आणि त्यातून पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. नंतर ‘आगकाड्यांची मौज’ करून त्यांनी काड्याही नाचवल्या. मला अंकुराची गोष्ट जास्त मोलाची वाटते. काड्या निर्जीव होत्या, त्यांना हलवण्यात करामत होती. अंकुर जिवंतच होता; फक्त त्याची हालचाल आपल्या डोळ्यांना दिसत नव्हती, ती फाळक्यांनी दिसती केली.

फाळके त्र्यंबकेश्वरचे, पुरोहितांच्या गावचे. प्राणप्रतिष्ठा त्यांनी लहानपणी किती वेळा पाहिली असेल! गणपती बसतो त्या दिवशी मूर्तीच्या हृदयावर हात ठेवून मंत्र म्हणतात. पंधरा वेळा ओंकार होतो, गर्भाधानापासूनच्या पंधरा संस्कारांसाठी. म्हणजे मातीच्या मूर्तीला आधी जन्माला घालायचं, वाढवायचं, आणि मग तिच्यात देव यायचा. तुपात बुडवलेल्या दूर्वेनं डोळे उघडतात. विसर्जनाआधी उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, प्राण परत गेले. चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही कथा ज्या समाजाला अंगाईसारखी पाठ आहे, त्याला हे क्रियापद कुणी शिकवायला नको.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येतो. इंग्रजीला जीव घालण्यासाठी एक स्वतंत्र क्रियापद लागलं. मराठीत तेच काम एक प्रत्यय करतो, दिवसभर, आपल्या नकळत. तो म्हणजे ‘ला’. आमच्याकडे वऱ्हाडीत त्याचा होतो ‘ले’. पुसद हे वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या सांध्यावरचं गाव, त्यामुळे एकाच चहाच्या टपरीवर ‘मले’ही ऐकू येतं आणि ‘मला’ही.

मी दगड पाहिला. मी पंखा पाहिला. पण मी वहिनीला पाहिलं. ‘मी दगडाला पाहिलं’ म्हणालो तर ऐकणारा चमकतो, दगड काही बोलला की काय! माणसाचं नाव आलं की ‘ला’ सुटत नाही, वस्तूला तो सहसा लागत नाही. आणि ‘ला’ लागला की क्रियापदही बदलतं. ‘पाहिला’ आणि ‘पाहिली’ ही कर्माच्या मागे जाणारी रूपं संपतात आणि ‘पाहिलं’ हे एकच तटस्थ रूप उरतं. शाळेत ज्याला भावे प्रयोग म्हणून आपण कंटाळलो, तो हा. अशा प्रयोगांची चर्चा करणारं मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. फाळक्यांनी अंकुर टिपला त्याच्या एकच वर्ष आधी.

खरी गंमत आहे ती माणूस आणि वस्तू यांच्या मधल्या जागेत, म्हणजे जनावरांत. तिथे दोन्ही चालतं, आणि कोण कधी काय निवडतो यात सगळं मन उघडं पडतं. बैलबाजारातून परतलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत होतो. व्यवहार सांगताना ते म्हणाले, “बैल इकला.” किंमत, दात, दलाली, सगळं सांगून झालं. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, म्हणाले, “सर्जाले इकलं.” जनावर तेच, सौदा तोच. पहिल्या वाक्यात माल होता, दुसऱ्या वाक्यात घरचा कुणी तरी. त्यांना ना दामले ठाऊक होते, ना भावे प्रयोग.

हे उलटंही घडतं आणि ते बोचतं. ‘मुलगी पाहिली’, ‘मुलगी पसंत केली’, ‘मुलगी दिली’. माणूस असून ‘ला’ गेला! व्याकरणकार सांगतील की इथे ती विशिष्ट व्यक्ती म्हणून अजून समोर आलेली नाही, म्हणून प्रत्यय नाही, आणि नियम म्हणून ते बरोबरच आहे. ‘मजूर लावले’, ‘नोकर ठेवला’ यांचंही तसंच. पण कांदेपोह्यांच्या बैठकीत ती मुलगी समोर बसलेली असते, आणि तरीही तिला ‘ला’ मिळत नाही. हे मला कधीच गोड वाटलं नाही.

बैलांचा मान मात्र आम्ही वऱ्हाडी लोक राखतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जू बसून घट्टे पडलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ते ‘ये’ म्हणून नाही, ‘या’ म्हणून! वर्षभर ज्याला चाबूक दाखवला त्याला त्या दिवशी आदरार्थी बहुवचन. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, रंगतात. मग तान्हा पोळा येतो, आणि पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागतात. एका सुताराकडे मी त्या दिवसांत मुद्दाम जाऊन बसलो होतो. काम चालू असताना तो म्हणत होता, “हा ठोकळा घासला, तो ठोकळा जोडला.” डोळे रंगवून झाल्यावर त्यानं मुलाला हाक मारली, “नंदीले उचल, पडू देऊ नको.” प्राणप्रतिष्ठा झाली होती. मंत्राऐवजी एक ‘ले’ पुरला.

म्हणून ‘ॲनिमेट’ला मराठी प्रतिशब्द काय, असं मला विचारतात तेव्हा मी सजीव करणे, चेतवणे, प्राण फुंकणे असे सगळे शब्द सांगतो आणि शेवटी हा प्रत्यय सांगतो. माझ्या मते खरा मराठी प्रतिशब्द तोच.

आता पोळ्याच्या रांगेत बैलांच्या मागे ट्रॅक्टरही धुऊन, हार घालून उभे राहू लागले आहेत. आमच्या भागात अजून ‘ट्रॅक्टर धुतला’ असंच ऐकू येतं. ‘ट्रॅक्टरले धुतलं’ मी ऐकलेलं नाही. वाचकहो, पुढच्या पोळ्याला तुमच्या गावात कान उघडे ठेवा. बैलाला, मोटारसायकलला, घरच्या कुत्र्याला, बोअरवेलला कोण ‘ला’ लावतं आणि कोण लावत नाही, ते गावाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा, आणि बोलणाऱ्याचं वाक्य प्रमाण भाषेत ओढू नका, जसं ऐकलं तसंच उतरवा.