दह्यातले चिमुकले कामकरी

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात घडलेली ही गोष्ट. त्या दिवशी मी स्वच्छता शिकवली आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'जंतूंमुळे रोग होतात.' मधल्या सुट्टीत पाहते तर काय, एका मुलीने डब्यातला दहीभात तसाच ठेवलेला! विचारलं तर म्हणाली, "बाई, दादा सांगतो दह्यात जंतूच जंतू असतात. मग ते खाऊन मी आजारी नाही का पडणार?"

चूक तिची नव्हती, माझी होती. मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आज तुम्हाला सांगते.

दादाचं म्हणणं खोटं नाही. चमचाभर ताज्या दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतल्या एका महत्त्वाच्या कुळाचं नाव लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दुधातली काडी. सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखरच काडीसारखे दिसतात. दोन मायक्रॉन लांबीचे पाचशे जिवाणू एका रांगेत झोपवले, तर कुठे एक मिलिमीटर भरेल!

हे करतात तरी काय? दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. तेच यांचं जेवण. साखर फोडून ते ऊर्जा मिळवतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. आम्ल वाढलं की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं. झालं घट्ट दही! अशा आंबट जागी रोग पसरवणाऱ्या बऱ्याच जंतूंची वाढ खुंटते. म्हणजे हे कामकरी जेवतात आणि जेवताजेवता राखणही करतात.

आजीला हे सारं न शिकताच ठाऊक असतं. विरजण लावताना ती दुधात बोट बुडवून पाहते की नाही? दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात, गार असेल तर आळसावतात. कोमट दुधात मात्र त्यांची संख्या भराभर वाढते.

शास्त्रज्ञांना हे कोडं सुटायला वेळ लागला. दूध आंबण्यामागे सजीवांचा हात आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दाखवलं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत आपल्या देशातल्या दह्यातून एक काडीसारखा जिवाणू शोधला. त्याला 'बल्गेरिकस' हे नाव मिळालं. जपानमध्ये मिनोरू शिरोटा यांनी १९३० मध्ये आतड्यात टिकून राहणारा जिवाणू वाढवला आणि १९३५ पासून त्याचं 'याकुल्ट' हे पेय विकलं जाऊ लागलं.

अशा उपयोगी, जिवंत जिवाणूंना 'प्रोबायोटिक' म्हणतात. पुरेशा संख्येने पोटात गेले की ते आपलं भलं करतात. काहीजणांना दूध पचत नाही, पण दही पचतं. कारण दह्यातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. प्रतिजैविकं घेतल्यावर कधी कधी जुलाब होतात, कारण त्या औषधाने वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगलेही मरतात. तिथे काही ठरावीक प्रोबायोटिक उपयोगी पडतात. याच कुळातले जिवाणू शेतकरीदादाच्या गुरांसाठी मुरघासही टिकवून ठेवतात बरं का!

पण पालकांनो, एक लक्षात ठेवा. प्रत्येक दही म्हणजे औषध नव्हे. मुलाला जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी द्या आणि डॉक्टरांना दाखवा. फार अशक्त रुग्णांना किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक परस्पर देऊ नका. आणि मुलांनो, जेवणाआधी हात धुणं सोडायचं नाही हं!

आता एक प्रयोग. उकळून घेतलेलं दूध आईच्या मदतीने दोन वाट्यांत घ्या. एका वाटीतलं दूध कोमट, दुसरीतलं फ्रीजमधलं गार. दोन्हींत अर्धा अर्धा चमचा दही ढवळा. कोमट वाटी ओट्यावर झाकून ठेवा, गार वाटी परत फ्रीजमध्ये. सकाळी पाहा, कुठल्या वाटीतल्या कामकऱ्यांनी काम केलं आणि कुठले झोपून राहिले. कारण आधी स्वतः शोधा, मग घरच्यांना सांगा.

आणि हो, त्या मुलीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तेच वाक्य पुन्हा लिहिलं, फक्त सुरुवातीला एक शब्द वाढवला. 'काही जंतूंमुळे रोग होतात.' तिने ते वाचलं, थोडा विचार केला आणि मधल्या सुट्टीत सगळा दहीभात चाटूनपुसून संपवला!