गोवा आणि मॉरिशस : दोन उबदार किनारे



सुटींत समुद्रावर जाण्याची चाल आतां आपल्या शहरी घरांतून चांगलीच रुळली आहे. गोवा तर जवळचाच. पण ज्यांना ऐपत आहे व उत्साहही आहे अशीं कुटुंबें अलीकडे मॉरिशसलाही जाऊं लागलीं आहेत. दोन्ही ठिकाणांची जाहिरात एकाच भाषेंत केली जाते : माड, वाळू, निळें पाणी आणि बारमाही ऊब. हें सर्व खोटें आहे असें नाहीं. परंतु भूगोल शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला ‘बारमाही’ या शब्दापाशीं थोडें थांबावेंसें वाटतें. ऊब बारा महिने असली म्हणून समुद्र बारा महिने सौम्य असतो असें नव्हे. आणि तो रागावण्याचे महिने दोहोंकडे अगदीं वेगळे आहेत.

प्रथम नकाशा पाहूं. पणजी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेपंधरा अंशांवर आहे, तर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई दक्षिणेस वीस अंशांवर. नकाशाचा कागद विषुववृत्तावर दुमडला, तर आपली मुंबई ज्या रेषेवर आहे ती रेषा मॉरिशसच्या किंचित् उत्तरेस येऊन पडेल. गोलार्ध बदलला कीं ऋतु उलटे होतात. डिसेंबर-जानेवारींत मॉरिशसवर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जून-जुलैंत तो उत्तरेकडे कलतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. हिंवाळ्यांत आपल्याकडे ऊन दक्षिणेच्या खिडकींतून घरांत येतें, तेथें तें उत्तरेच्या.

उष्णतामानाविषयीं मी वर्गांत एक प्रश्न नेहमीं विचारीत असें : गोव्यांतील दुपार सर्वांत थंड कोणत्या महिन्यांत? मुलें एका सुरांत ‘जानेवारी’ म्हणत. जानेवारींत पणजीची पहाट खरोखरच सुखद असते. पारा २० अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो. पण दुपारीं तो पुन्हां ३१-३२ पर्यंत चढतो. उलट जुलै-ऑगस्टांत ढगांचें छत असल्यामुळें दुपारींही तो २९ च्या आसपासच राहतो. म्हणून उत्तर ‘जुलै-ऑगस्ट’. मे महिन्यांतील ३३ हा आंकडा कागदावर भयंकर वाटत नाहीं; परंतु हवेंत ओल इतकी असते कीं, घाम वाळत नाहीं व रात्रही निवत नाहीं.

मॉरिशसमध्येंही सर्वांत थंड दिवस जुलै-ऑगस्टांतलेच; मात्र तेथें कारण ढग नव्हे, हिंवाळा. बेटाचें सरासरी उष्णतामान उन्हाळ्यांत २४.७ अंश आणि हिंवाळ्यांत २०.४ अंश. अंतर अवघें साडेचार अंशांच्या आंत. चोहोंकडे पाणी, आणि जवळची मोठी भूमि जी मादागास्कर, ती सुमारें ८०० किलोमीटर दूर. पाणी सावकाश तापतें, सावकाश निवतें.

आतां या दोन जागांना जोडणारी एक गोष्ट सांगतों. जून ते सप्टेंबरमध्यें मॉरिशसच्या दक्षिणेस व आग्नेयेस हवेचा भार फार वाढतो. हवामानशास्त्रांत या प्रदेशाला ‘मास्करिन उच्चभार’ म्हणतात. मॉरिशस, रेयुनियन व रॉड्रिग्ज या बेटांचें सामुदायिक नांवच मास्करिन. तेथून निघणारे आग्नेय व्यापारी वारे मॉरिशसवरून जातात तेव्हां ते थंड व बरेचसे कोरडे असतात. पुढें आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत ते विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळें उजवीकडे वळतात, अरबी समुद्रावर बाष्प भरून घेतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीवर आदळतात. म्हणजे मॉरिशसच्या रहिवाशाला गरम कपडा काढावयास लावणारा वारा आणि पणजींत छत्री उलटी करणारा वारा हे एकाच प्रवाहाचे दोन टप्पे आहेत.

गोव्याच्या पाठीशीं ही डोंगराची भिंत असल्यामुळें पावसाचा मारा एकदम होतो. वर्षाकांठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांतील नऊ-दशांशांच्या जवळपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि एकट्या जुलैंत जवळजवळ १,०००. जांभ्याचीं पठारें हिरवीं होतात, मांडवी व जुवारी गढूळ होऊन वाहतात. डोळ्यांना याहून सुंदर गोवा दुसरा नाहीं, असें माझें स्वतःचें मत आहे. पण तो पाहावा कोरड्या जमिनीवरून. या किनाऱ्यापुढें लाटा अडविणारी कोणतीही प्रवाळ-भिंत नाहीं; वाऱ्यानें उठविलेली लाट थेट पुळणीवर येते. लाटांनीं लोटून आणलेलें पाणी कोठून तरी परत जावयास हवें. तें वाळूच्या दांड्यांमधील खिंडींतून अरुंद व जोरकस प्रवाहानें समुद्राकडे धांवतें. फसवणूक अशी कीं, जेथें हा प्रवाह असतो तेथें लाटा कमी फुटतात. म्हणून नवख्या माणसास नेमकी तीच जागा शांत वाटते व तो मुलांना घेऊन तेथेंच उतरतो. अशा प्रवाहांत सांपडल्यास किनाऱ्याच्या दिशेनें झगडूं नये, त्यानें दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावें, किंवा नुसतें तरंगून हात उंच करावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते ती माशांच्या विणीसाठीं; परंतु आपले कोळीबांधव कायदा होण्यापूर्वींपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटीत नसत. ज्या पाण्यांत कोळी उतरत नाहीं, त्यांत शहरवासीयानें कां उतरावें?

मॉरिशसची घडण निराळी. तें ज्वालामुखीच्या शिलारसाचें बेट. मधोमध पठार, भोंवतीं झिजलेल्या डोंगरांचे सुळके, सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. बेटाभोंवतीं सुमारें १५० किलोमीटर लांबीचें प्रवाळाचें कडें आहे. महासागराची लाट त्या कड्यावर फुटते व आंतलें पाणी तलावासारखें उथळ राहतें. लहान मुलांच्या आईबापांना ही मोठीच सोय. मात्र कडें अखंड नाहीं. नद्यांच्या मुखाशीं गोड्या पाण्यांत प्रवाळ जगत नाहीं, तेथें खिंडी पडल्या आहेत. आणि दक्षिणेस ग्रि-ग्रि येथें तर कड्याअभावीं समुद्र उघड्या खडकांवर आदळतो.

पाऊसही तेथें जागेगणिक बदलतो. वारे आग्नेयेकडून येतात. मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर सुमारें ९००. महाबळेश्वर आणि वाई यांचा संबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें वेगळें समजावून सांगावयास नको. म्हणून जुलै-ऑगस्टांत जाणाऱ्यानें पश्चिमेकडे उतरावें. पूर्वेला वारा फार लागतो.

तेथील खरा धोका उन्हाळ्यांत येतो, तो चक्री वादळांचा, विशेषतः जानेवारी ते मार्च. १९६० सालच्या फेब्रुवारींतील ‘कॅरोल’ वादळानें हजारों घरें पाडलीं. त्यानंतर तेथें काँक्रिटच्या घरांचा प्रघात वाढला. १९७५ सालीं ‘जेर्व्हेझ’ आलें, आणि जानेवारी २०२४ मध्यें ‘बेलाल’च्या पावसानें पोर्ट लुईच्या रस्त्यांत मोटारी वाहूं लागल्या. गोवाही यापासून मुक्त नाहीं. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ अनेकांच्या स्मरणांत असेल.

तेव्हां सुट्यांचा विचार असा पडतो. नाताळांत गोवा निःशंकपणें पत्करावा. मे महिन्यांत, खर्च झेपत असल्यास, मॉरिशस : वादळें बहुधा संपलेलीं, पाऊस ओसरलेला, आणि समुद्राचें पाणी अजून कोमट. दिवाळींत दोन्ही चांगलीं. ऑक्टोबर तेथील सर्वांत कोरडा महिना, तर गोव्यांत एखादी वळवाची सर येऊन जाते एवढेंच.

एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी भागांतील पुष्कळ माणसें करारानें मुंबई बंदरांतून मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांत गेलीं. त्यांनीं आपलें पंचांग बरोबर नेलें, पण पंचांगांतले ऋतु कांहीं जहाजांत बसून आले नाहींत. गणेशचतुर्थी तेथें आज सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. कोंकणांत ती चिखलांतून आणि हिरव्या गवतांतून येते. तेथें ती थंड कोरड्या वाऱ्यांत, ऐन उंसाच्या तोडणींत येते. आणि होळी, जी आपल्याकडे लाकडें कडकडीत वाळलेलीं असतांना पेटते, ती त्या बेटावर पावसाच्या व वादळांच्या दिवसांत पेटवावी लागते.