खर्जाचे वाद्य आणि बेताचा पैसा

वाद्यवृंदातील खर्जाचा सूर सहसा कोणी मुद्दाम ऐकत नाही. परंतु तो थांबला की सारे गाणे आधार सुटल्यासारखे वाटू लागते. हा आधार देण्याचे आणि त्याबरोबरच तालाची बाजू सांभाळण्याचे काम आधुनिक वृंदात बेस गिटार करते. चित्रपटसंगीतात व महाविद्यालयीन संमेलनांत ती आता चांगलीच रुळली आहे, आणि ती घेऊन देण्याचा हट्ट अनेक मध्यमवर्गीय घरांतून ऐकू येतो. अशा वेळी वडीलधाऱ्यांपुढे दोन भये उभी राहतात. महाग वाद्य घ्यावे, तर हौस महिन्याभरात ओसरेल. स्वस्त घ्यावे, तर ते कुचकामाचे निघेल. ह्यांतील दुसरे भय अधिक खरे होय. कारण बेसूर वाद्याचा दोष नवशिका वाद्यास देत नाही. तो आपल्या कानास व बोटांस देतो, आणि शिकणेच सोडून देतो.

तथापि, स्वस्त आणि हलके हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. पॉल मॅकार्टनी ह्या वादकाने १९६१ साली हॅम्बुर्ग शहरी हॉफनर कारखान्याची बेस गिटार घेतली, ती सुमारे ३० पौंडांस. नामांकित अमेरिकन वाद्य त्यास परवडण्याजोगे नव्हते. पुढे बीटल्स वृंदाची कीर्ती जगभर गेली, ती ह्याच घडणीच्या स्वस्त वाद्यासह. १९७२ मध्ये चोरीस गेलेले ते पहिले वाद्य परत मिळाल्याची वार्ता २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे कौतुक साऱ्या जगाने केले.

वाद्याची पारख करावयाची तर त्याची रचना प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पूर्वी खर्जाचे काम डबल बेस हे पुरुषभर उंचीचे वाद्य करीत असे. ते वाहून नेणे कष्टाचे, त्यास पडदे नाहीत, आणि मोठ्या वृंदात त्याचा आवाज बुडून जाई. १९३० नंतरच्या दशकात सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क ह्यांनी पडदे असलेले विद्युत्-वाद्य बनविले. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर ह्यांनी आणलेले वाद्य मात्र सर्वत्र पसरले. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवीत नसत. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून त्यांनी वाद्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, असे ठेवले.

ह्या अचूकपणातच खरेदीचे मर्म आहे. सतारीचे पडदे सरकवून सुरात आणता येतात. गिटारचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात. कारखान्यात झालेली चूक वादकास सुधारता येत नाही. म्हणून पैसा मोजावयाचा तो दांडी, पडदे आणि खुंट्या ह्या तीन गोष्टींसाठी. लाकडाचे भारदस्त नाव, रंगाची झळाळी, पाचवी तार किंवा बॅटरीवर चालणारी जादा यंत्रणा ह्यांवाचून नवशिक्याचे काहीच अडत नाही.

दांडीची परीक्षा डोळ्याने होते. वाद्य डोळ्यासमोर आडवे धरून खुंट्यांच्या बाजूने दांडीच्या कडेवर नजर टाकावी. पिळवटलेली दांडी दिसली, तर किंमत कितीही उतरवून मिळो, ते वाद्य घेऊ नये. नंतर एकच तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी; मध्यभागी जाड कागदाएवढी फट असावी. थोडा बाक असल्यास भिण्याचे कारण नाही. दांडीच्या पोटात पोलादी सळई असते, ती फिरवून बाक काढता येतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तेव्हा ही सळई उपयोगी पडते. ती फिरते ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

पडद्यांची परीक्षा कानाने होते. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवावी. कोठेही खरखर होऊ नये. मग बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेस बोटाचा नुसता स्पर्श करून छेडावे, आणि त्यानंतर तेथेच तार दाबून छेडावे. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. फरक आढळल्यास घोडीवरील स्क्रूने तो घालवून दाखविण्यास दुकानदारास सांगावे. तो जात नसेल, तर वाद्य परत ठेवावे. खुंट्यांसाठी थोडा धीर हवा: चारही तारा सुरात लावून दहा मिनिटे जोराने वाजवावे, आणि सूर उतरला का, ते पुन्हा पाहावे.

मापाचाही विचार हवा. प्रचलित बेस गिटारच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. लहान हातांसाठी सुमारे ३० इंचांची वाद्ये मिळतात, आणि मॅकार्टनीचे वाद्यही त्याच जातीचे होते. दहा-बारा वर्षांच्या मुलास तेच घ्यावे.

सारा पैसा वाद्यावरच खर्च करणे ही नित्य घडणारी चूक होय. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. एवढा खोल सूर उमटविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि साध्या गिटारचा लहान ध्वनिवर्धक तेथे अपुरा पडतो. बिऱ्हाड दाटीचे असेल, तर कानाला लावून ऐकण्याचे छोटे यंत्र स्वस्त पडते आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. त्यासाठी आणि कारागिराकडून वाद्य एकदा नीट जुळवून घेण्यासाठी थोडी रक्कम आधीच बाजूला काढावी.

आज यंत्रांच्या नेमकेपणामुळे स्वस्त वाद्येही बरीच सुधारली आहेत. फेंडर कंपनी १९८२ पासून ‘स्क्वायर’ ह्या नावाने कमी किमतीची वाद्ये विकते. जपानच्या यामाहाचीही तशी वाद्ये आहेत. सुस्थितीतील वापरलेले वाद्य मिळाल्यास पैशाचे चीज अधिकच होते. मात्र नाव पाहून परीक्षा टाळू नये, कारण एकाच नावाच्या दोन वाद्यांतही फरक असतो. जाणता मित्र बरोबर असावा, आणि घाई नसावी. वाद्य सुरात असले, म्हणजे पुढे जे काही चुकेल ते विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल. आणि स्वतःची चूक रियाजाने सुधारता येते.