ससा कां उठला?

आमच्या शाळेच्या वाटेवर एक वृद्ध गृहस्थ राहतात. उभी हयात त्यांनीं रेल्वेच्या नोकरींत घालविली. हल्लीं घराबाहेर पडतांना त्यांचीं पाउलें उंबरठ्याशीं जणूं जमिनीस चिकटतात. हात कांपतो, चेहरा निर्विकार दिसतो. गतवर्षीं आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं त्यांच्या चालीची नक्कल केली. आम्हीं ती पाहिली, व त्याच वेळीं दोन शब्द बोलावयास हवे होते, ते आम्ही बोललों नाहीं. ती चूक या लेखानें अंशतः तरी भरून निघावी, अशी इच्छा आहे.

या विकारास आयुर्वेदांत कंपवात म्हणतात. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें, म्हणून त्यास त्यांचें नांव पडलें. परंतु विकाराचें मूळ कळण्यास पुढें सुमारें १४० वर्षें लागलीं. आणि त्या शोधाचा एक दुवा आपल्याच महाराष्ट्रांतला आहे.

सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी औषधी वनस्पति. मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं तिच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम पद्धतशीर तपासून १९४९ सालीं विलायतेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यामुळें जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसरपीन नांवाचें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. रक्तदाब उतरविण्यास तें उपयोगी पडे, परंतु तें दिलेले प्राणी सुस्त व निश्चल होत. असें कां व्हावें?

स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनीं १९५७ सालीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. रेसरपीन टोंचलेले ससे निपचित पडून राहत. त्यांस डोपा नांवाचें द्रव्य टोंचतांच थोड्याच वेळांत ते उठून हिंडूं लागले! आतां वाचकांनीं विचार करावा. सशाचे स्नायू निकामी झाले असते, किंवा मज्जातंतु तुटले असते, तर ते इतक्या लवकर बरे होते काय? अर्थात् शरीराचें यंत्र शाबूत होतें; उणीव होती ती मेंदूंतील एखाद्या द्रव्याची. प्रथम संशय नॉरॲड्रेनलिनवर होता, कारण डोपापासून शरीर तेंही बनवितें. परंतु मेंदू तपासतां तें भरून आलेलें दिसेना. भरून आलें होतें तें डोपामिन. तोंपर्यंत डोपामिन म्हणजे नॉरॲड्रेनलिन बनण्याच्या वाटेवरील केवळ एक पायरी, असें मानीत. पुढें कळलें कीं, मेंदूंतील बहुतेक डोपामिन हालचालींचें नियमन करणाऱ्या खोलवरच्या भागांत सांठलेलें असतें.

डोपामिन हालचालीस बळ पुरवीत नाहीं. तें मोकळीक देतें. मनमाडकरांस हें समजण्यास वेळ लागूं नये. वाफेच्या इंजिनांच्या काळीं इंजिनांत वाफ भरलेली असे, रूळ नीट असत, ड्रायव्हर सज्ज असे. तरी सिग्नलचा हात पडेपर्यंत गाडी जागची हालत नसे. मेंदूचे कांहीं भाग हालचालींस एरव्हीं रोखून धरितात. डोपामिन तो रोध योग्य वेळीं सैल करितें. रेसरपीन मज्जापेशींतील डोपामिनचे सांठेच रिकामे करी, म्हणून सशांचा सिग्नल पडेना.

माणसाची गोष्ट निराळी नाहीं. १९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व हॉर्निकीविच यांनीं या विकारानें पीडित होऊन मृत झालेल्या माणसांचे मेंदू तपासले. त्यांत डोपामिन फारच कमी आढळलें. तें बनविणाऱ्या काळसर पेशी हळूहळू मरतात, हें त्याचें कारण. मग डोपामिनच कां देऊं नये? कारण रक्तांतून तें मेंदूंत शिरूं शकत नाहीं. डोपा शिरतें व तेथें त्याचें डोपामिन होतें. १९६७ सालीं अमेरिकेंत कोट्झियास यांनीं डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन रुग्णांस चालतें केलें. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही निसर्गतः डोपा असतें. मुंबईंत डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं या बियांच्या उपचाराविषयीं अनुभव प्रसिद्ध केले. तथापि कोणींही घरीं बिया कुटून खाऊं नयेत. मात्रा चुकल्यास अपाय होतो. शिवाय डोपानें विकार समूळ जात नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं नको असलेल्या हालचालीही सुरू होऊं शकतात.

हें सारें ज्ञान मुक्या प्राण्यांनीं आपणांस दिलें आहे. तें ऋण हलकें नाहीं. तें फेडण्याचा एक मार्ग असा कीं, वाटेंत खिळलेल्या मनुष्यास आळशी किंवा हट्टी म्हणूं नये, ओढूं नये, घाई करूं नये. जमिनीवर आडव्या रेघा आंखल्या तर अशा कित्येकांस त्या ओलांडून पाऊल टाकणें सोपें जातें. हें वर्गांत सांगितल्यावर, नक्कल करणाऱ्यांपैकींच एक मुलगा खडू घेऊन त्या गृहस्थांच्या ओटीवर गेला व "आजोबा, या रेघेवरून पाय टाकून पाहतां कां?" असें त्यानें विचारलें. आजोबांनीं पाऊल टाकलें.