विश्लेषण : ‘खाऊ स्वे’ म्हणजे काय? बर्मी जेवणातले निम्मे साहित्य भंडाऱ्याच्या स्वयंपाकघरातलेच!

शहरातल्या साध्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर चायनीज आणि थाई पदार्थांच्या रांगेत आता ‘खाऊ स्वे’ हे नावही दिसू लागले आहे. साकोलीहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडलेली अनेक मुले हे नाव वाचतात, थोडा विचार करतात आणि शेवटी फ्राइड राइसच मागवतात. पदार्थात काय आहे हे ठाऊक नसते, मासे आहेत का हे कळत नाही आणि आवडले नाही तर पैसे वाया जाण्याची धास्ती असते. प्रत्यक्षात म्यानमार, म्हणजे जुना ब्रह्मदेश, चवीच्या बाबतीत आपल्याला वाटतो तितका दूर नाही. तोही धानाचाच मुलूख आहे.

खाऊ स्वे म्हणजे नेमके काय?

बर्मी भाषेत ‘खाऊक स्वे’ म्हणजे नूडल्स. भारतात या नावाने मिळतो तो बहुतेक वेळा ‘ओन नो खाऊक स्वे’ हा प्रकार. ‘ओन नो’ म्हणजे नारळाचे दूध. कांदा, लसूण, आले, हळद आणि चिकन यांचा नारळाच्या दुधातला रस्सा उकडलेल्या नूडल्सवर ओततात. सोबत उकडलेले अंडे, तळलेला कांदा, तळलेला लसूण, कोथिंबीर, भरडलेली लाल मिरची आणि लिंबू वेगळे देतात. हे सगळे आपल्या आवडीप्रमाणे वरून घालायचे, कालवायचे आणि खायचे. तिखट-आंबटाचे प्रमाण खाणाऱ्याच्या हातात असते.

यात आपल्या ओळखीचे काय आहे?

पहिले म्हणजे बेसन. खाऊ स्वेचा रस्सा दाट होतो तो बेसनामुळे. म्यानमारच्या शान प्रांतात तर ‘तोफू’ही सोयाबीनऐवजी हरभऱ्याच्या पिठाचा करतात. पीठ पाण्यात कालवून, हळद-मीठ घालून शिजवायचे, ताटात ओतून थंड करायचे आणि वड्या पाडायच्या. पाटवडी करणाऱ्या घराला ही कृती वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरी अंबाडी. बर्मी लोक तिला ‘चिन बाऊंग’ म्हणतात. तिचा आंबट पाला हिरवी मिरची, सुकट आणि बांबूच्या कोंबांसोबत परततात. हे कोंब म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात निघणारे वास्ते.

तिसरा तांदूळ. ‘मोहिंगा’ हा तिथला सकाळचा लाडका नाश्ता. तांदळाच्या शेवया, मागूरसारख्या माशाचा रस्सा, त्यात केळीच्या खांबाचा गाभा आणि दाटपणासाठी भाजलेल्या तांदळाची पूड किंवा बेसन. तलावातले मासे आणि भात खाणाऱ्या भंडारा जिल्ह्याला ही जोडी नवी नाही.

मग अनोळखी काय?

चहाच्या पानांची कोशिंबीर. ‘लाफे तोउ’ नावाच्या या पदार्थात आंबवलेली चहाची पाने, तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, लसूण, कोबी आणि टोमॅटो असतो. चव किंचित कडवट, आंबट आणि कुरकुरीत. मेन्यूकार्डावर ती ‘टी लीफ सॅलड’ या नावाने सापडेल.

हे पदार्थ भारतात आले कसे?

ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणूनच लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात ठेवता आले आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला रत्नागिरीत आणून ठेवले गेले. व्यापार, नोकरी आणि मजुरीसाठी लाखो भारतीय तिकडे स्थायिक झाले होते.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि सुमारे पाच लाख भारतीयांनी देश सोडला. अनेकांनी जंगल-डोंगरांतून पायी आसाम आणि मणिपूर गाठले. वाटेत भूक आणि आजाराने हजारो दगावले. रंगूनचा तांदूळ येणे बंद झाले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागे जी कारणे होती, त्यांतले हे एक. पुढे १९६२ च्या लष्करी उठावानंतर दुकाने आणि व्यापार सरकारने ताब्यात घेतला, तेव्हा आणखी लाखो भारतीय परतले.

घरदार मागे राहिले, स्वयंपाक सोबत आला. सुरतेत तो ‘खावसा’ झाला. चेन्नईत ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी रस्त्यावर ‘अथो’ नूडल्सच्या गाड्या लावल्या. मुंबईच्या फोर्ट भागात २०१४ मध्ये ‘बर्मा बर्मा’ हे पूर्ण शाकाहारी रेस्तराँ सुरू झाले.

ऑर्डर देण्याआधी काय विचाराल?

• फिश सॉस, सुकट किंवा ‘न्गापी’ (आंबवलेल्या मासळीचा गोळा) घातला आहे का? भाज्यांच्या पदार्थांतही ते असू शकते. शाकाहारी असाल तर हा प्रश्न टाळू नका.

• रस्सा चिकनच्या पाण्यात केला आहे का? वरून फक्त चिकनचे तुकडे काढले म्हणजे पदार्थ शाकाहारी होत नाही.

• शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास आधीच सांगा. कोशिंबिरीत शेंगदाणे हमखास असतात.

पहिल्यांदा काय मागवावे?

दोघांत मिळून एक खाऊ स्वे आणि एक चहाच्या पानांची कोशिंबीर पुरे. एक चव ओळखीची, एक नवी. मोहिंगा माशाची आवड असेल तरच मागवा.

आणि हॉटेल जवळ नसेल तर? खाऊ स्वे घरीही जमतो. कांदा, आले-लसूण, हळद, तिखट परतून त्यात भाज्या किंवा चिकन शिजवा. दोन चमचे भाजलेले बेसन पाण्यात कालवून घाला, शेवटी नारळाचे दूध घालून मंद आचेवर एक उकळी येऊ द्या. साकोलीच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या हक्का नूडल्सवर हा रस्सा ओता. लिंबू मात्र विसरू नका.