विषयाच्या ओळीतील मराठी

१९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा तेलुगू मुलखात राहिला, आणि त्याच्याबरोबर आमच्यासारखी मराठी बोलणारी पुष्कळ माणसेही येथेच राहिली. दोन लिप्यांतून व्यवहार करण्याची आम्हांला सवय आहे. तरीही गेल्या वर्षी एका पत्राने मला चकविले.

एका विद्यार्थिनीचा अर्ज मी ई-मेलने एका कचेरीकडे धाडला. विषयाच्या ओळीत लिहिले होते, 'शिष्यवृत्तीसाठी अर्ज'. मुदत उलटली, उत्तर नाही. चौकशी करता कळले, की तेथे त्या ओळीच्या जागी प्रश्नचिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांची एक अगम्य माळ उमटली होती. कारकुनाने पत्र कचरा समजून न उघडताच बाजूस सारले. मुलीचे वर्ष गेले.

ही माळ म्हणजे बिघाड नव्हे, तो एक वेष आहे. ई-मेलचे दोन भाग असतात: आतला मजकूर आणि वरचे शीर्ष. पाठविणारा, घेणारा, तारीख, विषय हे सारे शीर्षात येते. १९८२ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे या शीर्षात केवळ १२८ चिन्हांच्या अमेरिकन संकेतमालेलाच प्रवेश होता. तीत देवनागरी कोठून असणार? वाटेवरची सारी यंत्रे बदलणे अशक्य, म्हणून टेनेसी विद्यापीठातील कीथ मूर यांनी १९९२ साली तोड काढली, की यंत्रे तशीच राहोत, अक्षरांनीच रोमन पोशाख करावा.

आरंभी बरोबरीचे चिन्ह व प्रश्नचिन्ह, मग संकेतमालेचे नाव, बहुधा यूटीएफ-८. पुन्हा प्रश्नचिन्ह, मग पद्धतीचे अक्षर 'बी' किंवा 'क्यू'. त्यापुढे आणखी एक प्रश्नचिन्ह व वेषांतर केलेला मजकूर, आणि शेवटी प्रश्नचिन्ह व बरोबरीचे चिन्ह. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'बी' पद्धत त्या तिहींची चार रोमन चिन्हे करते. 'क्यू' पद्धतीत तीच नऊ होतात. फ्रेंचसारख्या भाषेला ती परवडते, आपल्याला नाही. 'मराठी' या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे वीस रोमन चिन्हे झाली. गंमत अशी, की त्यांतील प्रत्येक चौकडीचा आरंभ चाराचा आकडा व 'के' यांनी होतो. तेलुगूची चौकडी चार व 'एल' यांनी सुरू होते. येथेही आम्ही शेजारीच!

अशा एका तुकड्याची लांबी ७५ चिन्हांपलीकडे जाऊ नये असा दंडक आहे. आवरणाची चिन्हे वजा जाता त्यात देवनागरीची पंधरा चिन्हे मावतात. 'शिष्यवृत्तीसाठी' हा शब्द मोजून पाहा, हलन्ताची चिन्हे धरून नेमका पंधरा भरतो. 'अर्ज' दुसऱ्या तुकड्यात जातो, आणि मधली मोकळी जागाही त्याच्याच आत ठेवावी लागते; कारण दोन तुकड्यांमधले अंतर वाचणाऱ्या यंत्राने गाळावयाचे असते. एखादे अक्षर मध्येच तोडू नये हाही नियम आहे. बेपर्वा प्रोग्रॅम तो मोडतात, आणि मग अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते.

आमच्या प्रकरणात तोडफोड झाली नव्हती. त्या कचेरीत आलेली पत्रे ज्या यादीत आपोआप उतरत, ती यादी करणारा हा वेष उतरविण्यास विसरला होता, इतकेच.

२०१२ साली शीर्षात, अगदी पत्त्यातही, यूटीएफ-८ थेट लिहिण्याची मुभा देणारे नवे नियम आले. पण वाटेवरच्या प्रत्येक यंत्राने ते मान्य करावे लागतात. एकानेही नकार दिला तर पत्र अडते. म्हणून जुना वेष अजून चालूच आहे.

यंदा त्या मुलीचा अर्ज पुन्हा धाडला. विषय मराठीतच ठेवला. मात्र लगोलग कचेरीत फोन करून कारकुनाला सांगितले, "साहेब, यादीत चार-के, चार-के असे ओळीने दिसले, तर तेवढे पत्र उघडून पाहा."